माणसाचा पत्ता आणि पत्ता सांगणारा माणूस

सी भाषेत दोन ओळी अशा आहेत की कागदावर त्यांच्यात फक्त एका कंसाचा फरक दिसतो. पहिली ओळ: इंट, मग स्टार, मग फंक्शनचं नाव, मग कंसात इंट. दुसरी ओळ: इंट, मग कंसात स्टार आणि नाव, मग पुन्हा कंसात इंट. पहिलीचा अर्थ, असं फंक्शन जे काम संपल्यावर आपल्याला एका पूर्णांकाचा पत्ता परत देतं. दुसरीचा अर्थ, एखाद्या फंक्शनचा पत्ता जपून ठेवणारी जागा. इंग्रजी पुस्तकं हा फरक सांगायला बरीच पानं खर्च करतात, आणि तरी पोरं परीक्षेत कंस विसरतात.

मराठीत हे एका दमात सांगता येतं. पहिली ओळ म्हणजे पत्ता सांगणारा माणूस. दुसरी ओळ म्हणजे माणसाचा पत्ता.

मलकापुरात रविवारी सकाळी दोन तास मी सी शिकवते. मोहल्ल्यातल्या वाचनालयाची एक खोली आहे, दोन जुने लॅपटॉप आहेत, बाकी सगळ्यांचे मोबाईल. आता मोबाईलवरही सीचा कंपायलर चालतो, त्यामुळे घरी कॉम्प्युटर नाही ही सबब कुणी सांगत नाही. दहा-बारा जण येतात, निम्म्याहून जास्त मुली. बहुतेक उर्दू माध्यमातून दहावी झालेल्या, आता बीसीए किंवा बीएस्सीला. काही मुलं मराठी शाळेतली. कॉलेजची पुस्तकं इंग्रजीत, घरची बोली वेगळी, बाजाराची वऱ्हाडी. अशा खोलीत ‘पॉइंटर’ हा शब्द फळ्यावर लिहिला की सगळे वहीत उतरवून घेतात आणि कुणालाच काही होत नाही. ‘पत्ता’ म्हटलं की माना वर होतात. उर्दूत पता, मराठीत पत्ता, मधला एक ‘त’ आपापल्या मर्जीने घ्यावा.

आमच्याकडे पत्ता कसा सांगतात हे बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. घर नंबर कुणाला पाठ नसतो. पाण्याच्या टाकीपासून तिसरं घर. मशिदीच्या मागची गल्ली, गिरणी सोडली की दुसरं दार. सीचा अ‍ॅरे नेमका असाच चालतो. अ‍ॅरेचं नाव म्हणजे टाकी, म्हणजे जिथून मोजायला सुरुवात करायची ती जागा. कंसातला आकडा म्हणजे तिथून किती घरं पुढे जायचं ते. दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं, “मॅडम, मोजणी शून्यापासून काहून? एकपासून केली असती तर काय बिघडलं असतं?” उत्तर टाकीपाशीच आहे. टाकीला लागून असलेल्या घरात जायचं तर किती घरं ओलांडायची? एकही नाही. म्हणून शून्य. तो आकडा घराचा नंबर नसतो, चालायचं अंतर असतं.

आता पाच घरांच्या गल्लीत सातव्या घराचा पत्ता विचारला तर गल्लीतला माणूस म्हणेल, अहो, इथं पाचच घरं आहेत. सी असं म्हणत नाही. ती मुकाट्याने सहा घरांचं अंतर चालते आणि जिथे पोचेल तिथलं दार उघडते, मग ते घर कुणाचंही असो. कधी आत कचरा मिळतो, कधी दुसऱ्याच कुणाचा हिशेब, कधी प्रोग्राम तिथेच कोसळतो. तिच्या कर्त्यांनी ते जाणूनबुजून असं ठेवलं. डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ही भाषा घडवली ती १९७२च्या आसपास, युनिक्ससारखी सिस्टिम लिहिण्यासाठी. तेव्हाची यंत्रं लहान आणि मंद. प्रत्येक दारावर पहारेकरी बसवणं परवडणारं नव्हतं. आपण कुठे जातोय हे लिहिणाऱ्याला ठाऊक आहे असं धरून चालायचं. माणसावर एवढा विश्वास टाकणारी भाषा पुढे फारशी कुणी केली नाही, आणि त्याची किंमत आजही सगळे मोजतात.

गल्लीची गोष्ट पोरांना पटते, पण हिशेबाची गोष्ट जास्त लागते. बुलढाणा जिल्हा सोयाबीन आणि कपाशीचा. म्हणून पहिला अ‍ॅरे मी क्विंटलचा करायला लावते: पाच शेतकरी, पाच आकडे, हमीभावाने गुणा. २०२४-२५ साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता (प्रत्यक्ष बाजारात भाव त्याच्याही खाली होता, पण तो या प्रोग्रामचा विषय नाही). एक मुलगा हाच प्रोग्राम कॉलेजच्या लॅबमध्ये चालवून आला. तिथे अजून टर्बो सीची निळी स्क्रीन आहे. सहा क्विंटलपर्यंत उत्तर बरोबर आलं, २९,३५२. सात क्विंटलला उत्तर आलं उणे ३१,२९२.

झालं असं की टर्बो सीमध्ये इंट दोन बाइटचा असतो. त्यात ३२,७६७पर्यंतचाच आकडा मावतो. त्याच्या पुढे गेलं की काटा फिरून उलट्या बाजूने, उणेपासून मोजायला लागतो. ३४,२४४ मधून ६५,५३६ वजा करा, उणे ३१,२९२ मिळेल. मोबाईलवरच्या कंपायलरमध्ये इंट चार बाइटचा असतो, म्हणून तिथे हे घडलं नाही. मुलगा म्हणाला, “मॅडम, सात पोते पिकवले तर सरकारलेच पैसे देणं लागते.” वर्ग हसला. तो शेतकऱ्याच्या घरचा आहे, त्याला ते विनोदापुरतं वाटलं नसावं.

अ‍ॅरेपर्यंत सगळे टिकतात. गळती सुरू होते ती फंक्शन पॉइंटरला. आकड्याचा पत्ता असू शकतो हे कळतं, पण कामाचा पत्ता? फंक्शन म्हणजे करायची कृती, ती कुठे राहते? तर तीही मेमरीतच राहते, आकड्यांच्या शेजारीपाजारी. तिचाही पत्ता असतो, आणि फंक्शनचं नुसतं नाव, पुढचे कंस न लावता लिहिलं, की तो पत्ता हातात येतो. तो जपून ठेवायची जागा म्हणजे फंक्शन पॉइंटर. अशा अनेक पत्त्यांची रांग लावली की झाला फंक्शन पॉइंटरांचा अ‍ॅरे.

याचा उपयोग काय, हा खरा प्रश्न. सीच्या लायब्ररीत क्यूसॉर्ट नावाचं फंक्शन आहे. ते कुठलीही यादी क्रमाने लावून देतं: गुण, नावं, भाव, काहीही. पण आपण काय लावतोय हे त्याला ठाऊक नसतं. ते एवढंच म्हणतं की मला तुमचा काटा द्या. मी दोन-दोन वस्तू त्यावर ठेवत जाईन, डावं पारडं जड की उजवं एवढं तुमच्या काट्याने सांगावं. हा काटा म्हणजे आपण लिहिलेलं तुलनेचं छोटंसं फंक्शन, आणि क्यूसॉर्टला आपण त्याचा पत्ता देतो. काटा बदला, त्याच मुलांची यादी गुणांऐवजी वयाने लागेल. क्यूसॉर्टच्या आत एक अक्षर बदलायचं नाही. बाजार समितीत माल टाकलेल्या घरातल्या पोरांना वेगळं सांगावं लागत नाही की काटा कुणाच्या हातात आहे यावर बरंच काही ठरतं.

पण पुस्तकातले सराव बघा. आमच्या भागात सी शिकलेल्यांपैकी बहुतेकांनी नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ कधी ना कधी उघडलेलं असतं. विदर्भातल्या माणसाने लिहिलेलं पुस्तक देशभर चाललं याचा मला अभिमान आहे. कर्निगन आणि रिची यांचं १९७८चं मूळ पुस्तकही माझ्याकडे आहे, त्यात फंक्शनचा पत्ता सॉर्टला कसा द्यायचा हे नीट दाखवलंय. अडचण पुस्तकांची नाही, प्रॅक्टिकलच्या जर्नलची आहे. तिथे फंक्शन पॉइंटरचा सराव म्हणजे ठरलेला: बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार अशी चार फंक्शनं, चार पत्त्यांचा अ‍ॅरे, एक दाबलं की बेरीज, दोन दाबलं की वजाबाकी. हे काम साध्या स्विचने होतं. मग पत्त्यांचा एवढा खटाटोप कशाला, हे विचारायचं कुणाला सुचत नाही, कारण जर्नल मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलेलं असतं. तोंडी परीक्षेत “फंक्शन पॉइंटर म्हणजे काय” असं विचारतात, पोरगी एक इंग्रजी वाक्य म्हणते, गुण मिळतात. त्या वाक्यातलं एकही अक्षर तिचं नसतं.

म्हणून मी सराव बदलला. विरासत घेतली.

यामागे एक जुना माणूस आहे. आपल्या जलशांमध्ये अल-ख्वारिज्मीचं नाव टाळ्यांसाठी घेतात. अल्गोरिदम हा शब्द त्याच्या नावावरून आला, अल्जेब्रा त्याच्या पुस्तकाच्या नावातल्या अल-जब्रवरून, एवढं सांगून वक्ता खाली बसतो. त्या पुस्तकात आहे काय, ते कुणी सांगत नाही. नवव्या शतकात, खलिफा मामूनच्या काळात, बगदादेत लिहिलेल्या त्या पुस्तकाचा मोठा भाग वसीयत आणि वारसांच्या हिश्श्यांच्या गणितांनी भरला आहे. माणूस वारला, मागे अमुक वारस, अमुक वसीयत, कुणाला किती? बीजगणिताच्या पायाभूत ग्रंथात मय्यतीनंतर घरात उठणारे प्रश्न आहेत. मला हे ख्वारिज्मीच्या नावावरून आलेल्या शब्दापेक्षा मोठं वाटतं.

सरावाचं गणित मी मुद्दाम सोपं ठेवलं. एक गृहस्थ वारले. दफनाचा खर्च, कर्ज, वसीयत सगळं भागवून घर आणि रोकड मिळून आठ लाखांची मालमत्ता उरली. मागे बायको, दोन मुलगे, तीन मुली. आईवडील आधीच गेलेले. सूरह अन-निसाच्या अकराव्या आणि बाराव्या आयतीप्रमाणे, मुलंबाळं असताना बायकोला आठवा हिस्सा. उरलेलं मुलामुलींत, मुलाला दोन मुलींएवढं. म्हणजे बाकीचे सात भाग: मुलगे दोन-दोन, मुली एक-एक. सगळं पूर्णांकात बसतं. शेतजमीन मी मुद्दाम वगळली. १९३७च्या शरीयत कायद्याच्या शब्दांतच शेतजमिनीचे प्रश्न बाजूला ठेवलेले आहेत, आणि तो वाद रविवारच्या दोन तासांत मावणारा नाही.

पहिला फटका बायकोच्या हिश्श्यालाच बसला. जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं: आधी कंसात एक भागिले आठ, आणि त्याला रकमेने गुणा. प्रोग्राम चालला. विधवेचा हिस्सा आला शून्य. “बाजी, एक भागिले आठ झिरो कसं झालं?” कारण सीमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तरही पूर्णांकच येतं, दशांश चिन्हानंतरचं सगळं ती टाकून देते. एक अष्टमांशाचं तिच्या लेखी काहीच उरत नाही. आधी रकमेला एकने गुणा आणि मग आठने भागा, म्हणजे एक लाख येतील. हा धडा मी कितीही वेळा फळ्यावर लिहिला असता तर राहिला नसता. विधवेच्या नावापुढे शून्य बघितल्यावर राहिला.

मग टेबल. पाच मुलामुलींसाठी पाच रकान्यांचा अ‍ॅरे, वयाच्या क्रमाने: मुलगा, मुलगी, मुलगी, मुलगा, मुलगी. प्रत्येक रकान्यात आकडा नाही, फंक्शनचा पत्ता. दोनच फंक्शनं लिहायची. मुलाचं फंक्शन दोन परत देतं, मुलीचं एक. तीन रकान्यांत एकच पत्ता तीनदा येतो, आणि त्यात काही गैर नाही. एकाच वकिलाचा पत्ता तिघींनी आपापल्या वहीत लिहून ठेवावा तसं. मुख्य प्रोग्राम रांगेने जातो, प्रत्येक रकान्यातल्या पत्त्यावर हाक मारतो, तुझे भाग किती? उत्तरांची बेरीज करतो, सात. पुन्हा रांगेने जातो आणि बाकीचे सात लाख त्या प्रमाणात वाटतो. समोर मुलगा आहे की मुलगी हे मुख्य प्रोग्रामला ठाऊक नसतं. तो फक्त पत्त्यावर जातो आणि मिळालेला आकडा खरा मानतो.

वर्गातल्या एका मराठी मुलाने विचारलं, “आमच्याकडचं करू का मॅडम?” कर की. हिंदू कायद्यात वडिलांनी स्वतः कमावलेली मिळकत मृत्युपत्राशिवाय मागे राहिली तर बायको, मुलगे, मुली यांना सारखा वाटा. त्याने बायकोलाही टेबलात घेतलं, सहा रकाने केले, आणि सहाही ठिकाणी एकच पत्ता टाकला, ‘समान’ नावाच्या फंक्शनचा. मुख्य प्रोग्राम जवळजवळ तोच. प्रत्येकी १,३३,३३३ आले आणि दोन रुपये उरले. ते कुणाचे यावर पाच मिनिटं गेली. फंक्शन पॉइंटर कशाला, याचं उत्तर त्या दिवशी मला द्यावं लागलं नाही. वाटणी करणारा भाग जागेवरच राहिला आणि कायदा बदलला.

पुढच्या रविवारी एक मुलगी प्रोग्राम बदलून घेऊन आली. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, बोलते कमी. तिच्या घरी वालिदांच्या इंतकालानंतर वाटणीचा विषय चालला होता, हे मला नंतर कळलं. तिने आधी मुलींच्या तीन रकान्यांत नल टाकून पाहिलं होतं, म्हणजे इथे कुणाचाच पत्ता नाही. प्रोग्राम दुसऱ्याच रकान्यावर कोसळला, सेगमेंटेशन फॉल्ट. हाक मारायला गेला आणि घरच नाही. मग तिने तिसरं फंक्शन लिहिलं. नाव ठेवलं ‘हक्कसोड’. त्यात एकच ओळ, शून्य परत दे. तिन्ही मुलींच्या रकान्यांत तिने ‘हक्कसोड’चा पत्ता टाकला.

प्रोग्राम अडला नाही. कंपायलरने चूक दाखवली नाही, साधा इशाराही दिला नाही. आईला एक लाख, मुलींना शून्य, शून्य, शून्य, मुलग्यांना साडेतीन-साडेतीन लाख. बेरीज बरोबर आठ लाख.

“बाजी, मुख्य प्रोग्रामला मी हातपण लावला नाही,” ती म्हणाली.

ज्यांना हक्कसोडपत्र ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. महाराष्ट्रात हा शब्द घरोघरी माहीत आहे. वडिलांच्या मागे बहिणी कागदावर सही करतात की या मिळकतीत आम्हाला काही नको, आमचा हक्क भावाच्या लाभात सोडला. स्थावर मालमत्ता असेल तर तो दस्त नोंदवावा लागतो. सही करताना बहिणीला सहसा कुणी धमकावत नाही. भाऊ गाडी करून आणतो, जेवण होतं, साडी किंवा ड्रेस मिळतो. माहेर तुटू नये, ईदेला, दिवाळीला, बाळंतपणाला दार उघडं राहावं, एवढाच त्या सहीमागचा हिशेब असतो. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क ९ सप्टेंबर २००५पासूनच्या दुरुस्तीने मिळाला, आमच्या मुलींना तर हिस्सा आयतीतच नेमून दिलेला. दोन्हीकडे शेवटचा कागद एकच. वर्गातला तो मराठी मुलगा म्हणाला, “आमच्या आत्यांनी पण हेच केलं. माझ्या टेबलातही हे फंक्शन बसते.” बसतं. सारख्याच प्रकारचं फंक्शन आहे, काही न घेता पूर्णांक परत देणारं. सीला तेवढंच बघायचं असतं.

फिकहमध्येही वारसाने बाजूला होण्याची वाट आहे. तिला तखारुज म्हणतात. पण तिथे वारस काहीतरी ठरवून घेतो आणि मग वाटणीतून बाहेर पडतो, आपला हिस्सा किती हे माहीत असताना. आपल्याकडच्या किती बहिणींना सहीच्या दिवशी स्वतःचा आकडा माहीत असतो? त्या मुलीने मला एवढंच सांगितलं की तिला तो आकडा पहिल्यांदा मोबाईलच्या स्क्रीनवर दिसला. प्रोग्राममध्ये आठ लाखांच्या जागी तिने घरातली खरी रक्कम टाकून पाहिली होती. ती रक्कम मी विचारली नाही.

काही वाचक म्हणतील, सी शिकवायची तर सी शिकवा, घराघरांत कशाला शिरता. माझं म्हणणं, मी शिरले नाही. वाटणीचं गणित मदरशात शिकवतातच, फराइज या नावाने तो एक पूर्ण इल्म आहे. फक्त तो शिकणारे बहुतेक पुरुष असतात, आणि घरात वाटणीच्या वेळी बोलावले जातात तेही पुरुषच. इथे तेच गणित तिने स्वतः मांडलं.

आता त्या वर्गातलाच दुसरा प्रोग्राम, कारण सरावाच्या दृष्टीने तो जास्त शिकवून गेला. एका मुलाने लहानपणी मकतबमध्ये ही आयत अर्थासकट शिकलेली. त्याच्या लक्षात होतं की आयतीत माप मुलीच्या हिश्श्याचं आहे. मुलाला किती, तर दोन मुलींना मिळतं तेवढं. म्हणून त्याने मुलाच्या फंक्शनमध्ये सरळ दोन लिहिलेच नाहीत. त्याने लिहिलं: टेबलातल्या १ क्रमांकाच्या रकान्याला, म्हणजे थोरल्या बहिणीला, हाक मार, ती जो आकडा देईल त्याची दुप्पट कर आणि परत दे. प्रोग्राम म्हणून हे जरा आडवळणाचं आहे आणि मी एरवी त्याला कापलं असतं. उत्तर मात्र बरोबर येत होतं, सात भाग, एक लाखाचा एक.

मुलींनी त्याच्या प्रोग्राममध्ये ‘हक्कसोड’ बसवून पाहिलं. आता बहिणीचा आकडा शून्य, म्हणून भावाचाही शून्याची दुप्पट, शून्य. भागांची बेरीज शून्य. आणि मुख्य प्रोग्राम त्या बेरजेने सात लाखांना भागायला गेला.

लॅपटॉपवर प्रोग्राम तिथेच मेला. स्क्रीनवर आलं ‘फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन’, जरी त्या प्रोग्राममध्ये दशांशाचा आकडा औषधालाही नव्हता. शून्याने पूर्णांक भागाकाराला लिनक्सवर हेच जुनं नाव मिळतं. तोच प्रोग्राम एका मोबाईलवर चालवला तर तो मेला नाही. मोबाईलच्या आर्म प्रोसेसरमध्ये पूर्णांकाला शून्याने भागलं तर निमूटपणे शून्य मिळतं. तिथे आईला एक लाख आले, पाचही मुलांना शून्य, आणि सात लाख कुणाच्याच नावावर नाहीत. शून्याने भागलं तर काय व्हावं हे सीच्या नियमांनी ठरवूनच दिलेलं नाही, त्यामुळे दोन्ही यंत्रं आपापल्या जागी बरोबर. भागण्याआधी बेरीज शून्य आहे का हे तपासायचं काम लिहिणाऱ्याचं. मी ती तपासणी फळ्यावर लिहायला लावली. त्याचबरोबर पत्ता नल आहे का आणि क्रमांक पाचच्या आत आहे का याही तपासण्या. हाक मारण्याआधी घर आहे की नाही बघा.

आपला प्रोग्राम मोडला म्हणून मुलगा नाराज झाला होता. ज्या मुलीने ‘हक्कसोड’ लिहिलं होतं तिने त्याचा प्रोग्राम आपल्या वहीत उतरवून घेतला, स्वतःचा पानाच्या एका बाजूला, त्याचा दुसऱ्या बाजूला. वही घरी नेऊ का, असं तिने विचारलं. वही तिचीच आहे, मी कशाला नाही म्हणू. थोरल्या भावाला दाखवायची आहे म्हणाली. तोही बारावीला कॉम्प्युटर सायन्स शिकलेला आहे, त्याला कळेल.

येत्या रविवारी औल घेणार आहे. बाई वारली, मागे नवरा, आई, वडील आणि दोन मुली. नवऱ्याला चौथा, आईवडिलांना प्रत्येकी सहावा, दोन मुलींना मिळून दोन तृतीयांश. बाराच्या हिशेबाने तीन, दोन, दोन आणि आठ, म्हणजे पंधरा. बारा भागांच्या मालमत्तेत पंधरा भागांचे हक्कदार. सुन्नी फिकह यावर बारांऐवजी पंधरा भाग करून सगळ्यांचा हिस्सा सारख्या प्रमाणात कमी करते, कुणा एकीचा काढून टाकत नाही. मुख्य प्रोग्राममध्ये यासाठी किती ओळी बदलाव्या लागतात ते पोरांनी शोधायचं आहे. माझ्या मोजणीने एकच.